चढावर मांड्या पेटतात तेव्हा

तुमचा प्रश्न असा: दीड वर्ष नियमित सायकल चालवताय, सपाटीवर त्रास नाही. पण पाच-सहा मिनिटांचा चढ लागला की दुसरं मिनिट संपता संपता मांड्यांत आग पडते, पाय दगडासारखे होतात आणि सोबतचे पुढे निघून जातात. ही लॅक्टिक ॲसिडची जळजळ आहे का, दात-ओठ खाऊन सहन करत राहिलं तर स्नायूंना इजा होईल का, आणि ती कमी कशी करायची?

शर्यती आणि चढ यांत बरीच वर्षं घालवल्यावर आणि पुढे इतरांना शिकवायला लागल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आग दुसऱ्या मिनिटाला जाणवते, पण चूक बहुतेक वेळा पहिल्या मिनिटात झालेली असते. म्हणून सहनशक्ती वाढवण्याचे उपाय सांगण्याआधी ही आग लागते कशी ते सांगतो. ते कळलं की पुढचे निम्मे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

लॅक्टिक ॲसिडचं नाव बदनाम आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी 1780 मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. 1907 मध्ये इंग्लंडमधल्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसताना बेडकाचे स्नायू थकतात तेव्हा त्यांच्यात ते साठत जातं. तेव्हापासून थकवा म्हणजे लॅक्टिक ॲसिड हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं, ते अजून निघालेलं नाही. प्रत्यक्षात शरीरात ते जवळजवळ सगळं लॅक्टेटच्या रूपात असतं, आणि लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट शेजारचे तंतू वापरतात, हृदय वापरतं, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवतं. जोर वाढला की त्याचं प्रमाण वाढतं हे खरं, म्हणून रक्तातलं लॅक्टेट मोजून जोराचा अंदाज घेता येतो. पण ते वाढतं म्हणून आग होते असा सरळ संबंध लावता येत नाही.

याचा मला पटलेला सर्वांत चांगला पुरावा एका दुर्मिळ आजारातून मिळतो. ब्रायन मॅकार्डल या डॉक्टरांनी 1951 मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं, ज्याच्या स्नायूंना साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूतला साखरेचा साठा) वापरताच येत नव्हतं. व्यायामानंतर त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढत नसे, तरीही कष्ट पडले की स्नायू दुखत. म्हणजे लॅक्टेट नसतानाही स्नायू कळवळू शकतात.

मग आग कशाची? जोरात पेडल मारताना स्नायू ऊर्जा इतक्या झपाट्याने खर्च करतो की हायड्रोजन आयन साचू लागतात आणि स्नायूतली आम्लता वाढते. विश्रांतीच्या वेळी सुमारे 7 असणारा सामू (म्हणजे पीएच) अगदी टोकाच्या श्रमात 6.5 च्या आसपास उतरतो. सोबत फॉस्फेट, पोटॅशियम, पेशीबाहेर झिरपलेलं एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) यांची गर्दी होते. स्नायूंत बारीक संवेदी नसा असतात, त्या ही गर्दी टिपतात आणि मेंदूला कळवतात. 2014 मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. माणसांच्या अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूत आम्ल, लॅक्टेट आणि एटीपी वेगवेगळे टोचले, तेव्हा काहीच विशेष वाटलं नाही. तिन्ही एकत्र टोचल्यावर मात्र, हात स्वस्थ असतानाही, आधी थकल्यासारखं आणि जडसं वाटू लागलं, आणि मात्रा वाढवल्यावर दुखायला लागलं. म्हणजे ही जळजळ म्हणजे एका गुन्हेगाराचं काम नसून मिश्रणाची वार्ता आहे. लॅक्टेटही त्यात आहे, पण एकटं नाही.

यातून तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळतं. ही वार्ता खर्चाची आहे, मोडतोडीची नाही. निरोगी माणसाची चढावरची दोन्ही मांड्यांतली आग जोर कमी केल्यावर एक-दोन मिनिटांत ओसरायला लागते, आणि तिने स्नायू जळून जात नाहीत. जोर संपवून बसल्यावर लॅक्टेटसुद्धा साधारण तासाभरात नेहमीच्या पातळीला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात ती गोष्ट वेगळी. ती स्नायूतंतूंवर पडलेल्या अनोळखी ताणामुळे होते, म्हणून मसाज करून 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढण्या'ला काही अर्थ नाही. मसाजने बरं वाटत असेल तर जरूर करा, ते कारण पुरेसं आहे.

आता पहिल्या मिनिटाची गोष्ट. प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्या खाली जितकं साचतं तितकं शरीर उपसून काढतं आणि तुम्ही बराच वेळ चालवू शकता. तिच्या वर गेलात की उपसा कमी पडतो आणि साठा वाढतच जातो. सोयीसाठी हिला थ्रेशोल्ड म्हणू. थ्रेशोल्डच्या वर काम करायला प्रत्येकाजवळ एक ठराविक शिल्लक असते. हौशी सायकलपटूंमध्ये ती साधारण 15 ते 20 हजार ज्यूल असते. ही शिल्लक पाण्याच्या टाकीसारखी समजा: थ्रेशोल्डच्या वरचा प्रत्येक वॉट दर सेकंदाला एक ज्यूल काढून घेतो.

समजा तुमचं थ्रेशोल्ड 220 वॉट आहे आणि टाकी 15 हजारांची. चढ दिसला, अंगात उत्साह आहे, पाय ताजे आहेत, पुढचा पळतोय. तुम्ही पहिलं मिनिट 340 वॉटने मारलंत. थ्रेशोल्डच्या वर 120 वॉट, साठ सेकंद, म्हणजे 7,200 ज्यूल गेले. जवळपास अर्धी टाकी, आणि आग अजून जाणवलेलीही नाही, कारण आम्लता साचायला थोडा वेळ लागतो. मग तुम्ही 320 वर टिकून राहायचा प्रयत्न करता. उरलेले 7,800 ज्यूल 78 सेकंदांत संपतात. सव्वादोन मिनिटं झाली आणि टाकी कोरडी. तुम्ही ज्या क्षणी पाय गेले म्हणता, तो नेमका हा क्षण आहे. यानंतर 220 च्या खाली उतरल्याशिवाय टाकी भरत नाही, आणि चढ अजून साडेतीन मिनिटं बाकी आहे.

हीच टाकी सहा मिनिटांत समान वाटली तर थ्रेशोल्डच्या वर सुमारे 40 वॉट मिळतात, म्हणजे 260 वॉट अखेरपर्यंत. आग तरीही लागेल, पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला, आणि तोवर माथा दिसत असेल. हे गणित ढोबळ आहे, शरीर इतकं सरळ रेषेत वागत नाही. खरं तर ते घाईला या हिशेबापेक्षा जास्तच दंड करतं: सुरुवातीलाच मोठा जोर लावला की स्नायूंतले जलद (झटक्यात जोर देणारे) तंतू लवकर कामाला लागतात, आणि तेवढ्याच वॉटसाठी ते अधिक ऊर्जा खातात. म्हणून माझा आग्रह असतो की चढाचं पहिलं मिनिट 'हे फारच सोपं चाललंय' असं वाटायला हवं. सोबतचे वीस-तीस मीटर पुढे गेले तर जाऊ द्या. हे मनाला फार जड जातं, मला माहीत आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला हे जमायला पूर्ण एक मोसम लागला. ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी तिने चढाच्या शेवटच्या मिनिटात चार जणांना मागे टाकलं. त्या चौघांच्या टाक्या तेव्हा रिकाम्या होत्या.

पॉवर मीटर (सायकलवर वॉट मोजणारं यंत्र) नसेल तरी हरकत नाही. पहिल्या मिनिटात छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे, मधल्या भागात दोन-तीन शब्द, आणि शेवटच्या मिनिटात काहीच नाही. हार्ट रेटवर या कामासाठी विसंबू नका. तो जोराच्या मागून चढतो, आकडा वाढलेला दिसेपर्यंत उधळपट्टी होऊन गेलेली असते.

दुसरा मोठा मुद्दा गिअरचा. 250 वॉट दोन प्रकारे काढता येतात. मिनिटाला 60 फेऱ्यांनी काढायचे तर 170 मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पेडलला सरासरी 24 किलोच्या आसपास जोर द्यावा लागतो. 90 फेऱ्यांनी काढायचे तर 16 किलो पुरतात. प्रत्यक्ष खाली दाबण्याच्या क्षणी जोर या सरासरीच्या बराच वर असतो. आणि स्नायू जितका करकचून आवळतो, तितका तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. जड गिअरमध्ये प्रत्येक दाबाच्या वेळी मांडीतला रक्तप्रवाह अडतो, ऑक्सिजन कमी येतो, साचलेलं वाहून जात नाही. फेऱ्या वाढवल्या की पायांचा भार हृदय-फुप्फुसांकडे सरकतो. ज्याचा दम शिल्लक असताना पाय संपतात, त्याने गिअर हलका करून पाहणं हा पहिला प्रयोग. चढावर 75 ते 85 फेऱ्या ठेवता येतील असा गिअर आधीच, वेग तुटायच्या आत टाका. मागच्या चाकावरचं सर्वांत मोठं दातेरी चक्र वापरूनही फेऱ्या 60 च्या खाली जात असतील तर मोठी कॅसेट (या चक्रांचा संच) बसवून घ्या. यात कमीपणा काहीच नाही, व्यावसायिक सायकलपटूही तीव्र चढांच्या दिवशी हलके गिअर लावून घेतात. मात्र एकदम 100 वर उडी मारू नका. सवय नसताना पाय भरभर फिरवले की नुसता दम लागतो आणि माणूस सीटवर उडत राहतो. आठवड्याला चार-पाच फेऱ्या वाढवत न्या.

सीटची उंचीही तपासा, हे काम दहा मिनिटांचं आहे. सीट खाली असली तर गुडघा फार वाकलेला राहतो आणि सगळा बोजा मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. पेडल सर्वांत खाली असताना टाच पेडलवर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखं चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा वाक उरतो. बदल एका वेळी काही मिलिमीटरच करा.

वॉर्म-अपला लोक फार कमी किंमत देतात. थंड शरीराला जोराचा हुकूम मिळाला की ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ण वाढायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि तोवरची तूट टाकीतून भागवली जाते. घरातून निघून लगेच चढ लागत असेल तर पहिल्या मिनिटातली आग बऱ्याच अंशी याचीच. पंधरा मिनिटं हलकं चालवा, त्यात शेवटी चार-पाच मिनिटं थ्रेशोल्डच्या जवळ जा, मग दहा मिनिटं सैल पेडल मारा आणि मग चढाला भिडा. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

एवढं करूनही आग लागणार आहेच, आणि लागली पाहिजे. नाहीतर तुम्ही पूर्ण जोर लावलेला नाही. त्या क्षणी काय करायचं? मी आधी खांदे पाहतो. आग लागली की माणूस हँडल आवळतो, जबडा घट्ट करतो, खांदे कानांपर्यंत नेतो. त्यातलं काहीही सायकल पुढे ढकलत नाही. बोटं सैल सोडा, कोपर वाकवा. मग श्वास: आत घेण्याची धडपड सोडून बाहेर टाकण्याकडे लक्ष द्या, पूर्ण बाहेर टाका. शरीर आम्लाचा काही भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासातूनच घालवत असतं, त्यामुळे तो उथळ होऊ देऊ नका. नंतर दहा-पंधरा फेऱ्यांपुरतं उभं राहून चालवा, म्हणजे भार थोडा वेळ दुसऱ्या स्नायूंवर जातो. उभं राहताना एक गिअर जड करा आणि बसताना परत हलका. बसल्यावर सीटवर जरा मागे सरका, कुल्ल्यांचे स्नायू कामाला लागतात. आणि हे सगळं करूनही सावरत नसेल तर वीस-तीस सेकंद जोर थोडा कमी करा. 15-20 वॉट कमी केल्याने वेळेत पडणारा फरक नगण्य असतो, थांबून पाय टेकवण्याने पडणारा फरक मोठा.

मनाची बाजूही खरी आहे, आणि ती शिकता येते. 2014 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 24 जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलण्याचा सराव दिला: कष्ट वाढतील तेव्हा वापरायची स्वतःची ठरलेली वाक्यं. त्यांचा सायकलवर टिकण्याचा वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढला, बाकीच्यांचा वाढला नाही. जर्मन सायकलपटू येन्स वॉइग्ट आपल्या पायांना 'गप्प बसा' म्हणायचे, ते याच जातीचं. पण वाक्य आयत्या वेळी सुचत नाही, ते सरावात पाठ व्हावं लागतं. मी शिकवताना आगीला विरोध करायला सांगत नाही. तिचं वर्णन करायला सांगतो: कुठे आहे, डाव्या मांडीत जास्त की उजव्या, दहापैकी किती. सात म्हणजे योग्य चाललंय, नऊ म्हणजे जोर कमी करायची वेळ. आकडा दिला की घबराट कमी होते. मग चढाचे तुकडे करा. पुढच्या वळणापर्यंत, मग पुढच्या झाडापर्यंत.

आग पूर्ण बंद करता आली तर बरं होईल असं वाटत असेल, तर 2009 चा एक प्रयोग ऐका. सायकलपटूंच्या मणक्यात फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक देऊन पायांतून मेंदूकडे जाणारे संदेश अडवले आणि त्यांना 5 किलोमीटर पूर्ण जोराने चालवायला लावलं. सुरुवातीला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, पुढे तो पडला, आणि एकूण वेळ काही सुधारली नाही. शेवटी पाय इतके थकलेले होते की काहींना धड चालता येईना. ही वार्ता आपल्याला राखून खर्च करायला शिकवते, तिला बहिरं होण्यात फायदा नाही.

आता सरावाबद्दल. हे काम महिन्यांचं आहे, आणि खरा बदल इथेच होतो. लोकांना वाटतं आग सोसायला शिकायचं तर रोज आग लावायला हवी. तसं करणारे दोन महिन्यांत थकून बसतात. आठवड्यातला बहुतांश वेळ, पाचातले चार भाग म्हणा, गप्पा मारता येतील अशा वेगाने चालवा. यातूनच स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया वाढतात, म्हणजे लॅक्टेट जाळण्याच्या भट्ट्या वाढतात, आणि मर्यादाच वर सरकते. ज्या 260 वॉटला आज आग लागते ते उद्या तुमच्या थ्रेशोल्डच्या खाली असतील, तर आग सोसायचा प्रश्नच उरत नाही.

उरलेल्या भागात आठवड्याला दोन कठीण दिवस पुरे, आणि त्यांच्यामध्ये किमान एक सोपा दिवस. पहिल्या कठीण दिवशी थ्रेशोल्डच्या जवळचं काम: दहा मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटं सैल. तीन-चार आठवड्यांनी यातच चढ-उतार घाला: दोन मिनिटं थ्रेशोल्डच्या किंचित खाली, एक मिनिट किंचित वर, असं दहा-बारा मिनिटं सलग. वरच्या मिनिटात आग पेटते आणि खालच्या दोन मिनिटांत, जोर चालू असतानाच, ती ओसरते. तुमच्या तक्रारीवर हा मला सर्वांत आवडता व्यायाम आहे, कारण आग लागली म्हणजे सगळं संपलं ही समजूत तो पायांतूनच खोडून काढतो. दुसऱ्या कठीण दिवशी छोटे झटके: 30 सेकंद जोरात, 15 सेकंद सैल, असे तेरा, मग तीन मिनिटं विश्रांती, आणि असे तीन संच. नॉर्वेतल्या संशोधकांनी ही पद्धत बरीच तपासली आहे. नवख्याने एका संचापासून सुरुवात करावी, आणि शेवटचा झटका पहिल्याइतकाच जमेल एवढाच जोर लावावा.

पावडरी-गोळ्यांबद्दल थोडक्यात. खाण्याचा सोडा दर किलो वजनामागे 0.2 ते 0.3 ग्रॅम, श्रमाच्या तास-दोन तास आधी घेतला तर काही मिनिटांच्या पूर्ण जोराला थोडी मदत होते, पण अनेकांचं पोट बिघडतं, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. बीटा-अलानिन रोज 3 ते 6 ग्रॅम किमान चार आठवडे घ्यावं लागतं, त्वचेला मुंग्या येतात, लाभ लहान. कॅफीनने तेवढेच कष्ट थोडे हलके वाटतात. तुमचं पहिलं मिनिट 340 वॉटचं असेपर्यंत यातल्या कशावरही पैसे घालवू नका.

आणि काही प्रकारची आग मी सांगितलेल्या हिशेबात बसत नाही. जोर वाढला की नेहमी एकाच पायात आग, पेटके किंवा दुबळेपणा येत असेल आणि थांबल्यावर पाच मिनिटांत तो नाहीसा होत असेल, तर कमरेखालची धमनी अरुंद झालेली असू शकते. वर्षानुवर्षं वाकून चालवणाऱ्या सायकलपटूंमध्ये हे आढळतं. स्नायूंऐवजी गुडघ्यात दुखत असेल, पायात टोचणारी कळ असेल, विश्रांतीतही जळजळ असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पाय लवकर दुखू लागले असतील तर तेही त्यांना सांगा. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली, किंवा चढावर छातीत दुखलं, तर त्याच दिवशी.

बाकी सगळं ठीक असेल तर पुढच्या तीन आठवड्यांत त्याच चढावर तीनदा जा, दर वेळी वॉर्म-अप करून. पहिल्यांदा नेहमीसारखं चालवा आणि आग कितव्या मिनिटाला लागली ते लिहून ठेवा. दुसऱ्यांदा फक्त गिअर हलका ठेवा. तिसऱ्यांदा हलका गिअर आणि पहिलं मिनिट राखून. तिन्ही वेळा आग लागण्याचं मिनिट आणि माथ्यावर पोहोचायला लागलेला वेळ मला कळवा, मग इंटरव्हलचे (वर सांगितलेल्या जोर-सैल तुकड्यांचे) आकडे तुमच्यासाठी नेमके ठरवू.